हिमप्रदेशात गाडीचे कुलूप गोठल्यास काय करावे? (गोव्याहून स्पितीला जाणाऱ्यांसाठी)

अंत्रुजकर (फोंडा):

सर्वांना नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही दोन कुटुंबे आपापल्या गाड्या घेऊन फोंड्याहून हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाणार आहोत. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असल्यामुळे मनालीकडून काझाला जाता येत नाही, म्हणून शिमला, रिकाँग पिओ, नाको, ताबो अशा किन्नौरच्या वाटेने जायचे ठरले आहे. चाकांच्या साखळ्या, गरम कपडे, विरळ हवेचा त्रास यांविषयी पुष्कळ वाचायला मिळाले. मात्र एका गोष्टीवर नेमके कोणी लिहिलेले आढळले नाही. काझा साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, जानेवारीत तेथे रात्रीचा पारा उणे २० अंशांच्याही खाली जाऊ शकतो आणि गाडी उघड्यावरच ठेवावी लागते. अशा रात्रीनंतर सकाळी किल्ली फिरत नाही, आणि फिरलीच तर दार सुटत नाही, असे जाऊन आलेल्यांकडून ऐकले.

माझे मत असे की यावरचा उपाय तेथे पोचल्यावर शोधत बसण्यापेक्षा तयारी गोव्यातूनच करून निघावे. म्हणून तीन गोष्टी विचारतो. कुलपात आधी काय घालावे, गोठलेले कुलूप कसे सोडवावे, आणि काय मुळीच करू नये? आमची एक गाडी जुनी, साध्या किल्लीची आहे. दुसरी नवी, बटण दाबून सुरू होणारी आहे. सोबत लहान मुले आणि एक वृद्ध आई आहे, त्यामुळे पहाटेच्या थंडीत गाडीबाहेर ताटकळणे आम्हांला परवडणारे नाही.

मिरामारवासी:

आमच्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर दाराच्या कड्या, बिजागऱ्या आणि गाडीची कुलुपे यांत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडण्याची वडिलांपासूनची रीत आहे, आणि समुद्र समोर असूनही आमचे कुलूप कधी अडकले नाही. तुम्हीही निघण्यापूर्वी तेच करावे. तेल असले की पाणी आत शिरत नाही, आणि पाणीच नसेल तर बर्फ कशाचा होणार?

म्हापशेकर_गॅरेज:

मिरामारवासी, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. कुलूप नुसत्या थंडीने गोठत नाही, आत पाणी असेल तरच गोठते. परंतु त्यासाठी खोबरेल तेल वापराल तर बर्फ दिसण्याच्या पुष्कळ आधीच गाडी अडेल. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजू लागते. डिसेंबरच्या पहाटे चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तरी बाटलीतले तेल पांढरे झालेले दिसते, आणि कुलपातल्या तेलाचेही तेच होते. गोव्यात ते तेल कधी त्रास देत नाही, कारण येथे त्याला थिजण्याइतकी थंडी फारशी मिळतच नाही.

अंत्रुजकर बाब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरोखर येथूनच सुरू होते. गाडीच्या दाराच्या कुलपात एक फिरते नळकांडे असते. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे एक अगदी बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि नळकांडे फिरते. एखादी पट्टी जराशी जरी बाहेर राहिली तरी ते फिरत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि एवढ्या अरुंद जागेत एका थेंबाचे फुगणेसुद्धा पट्टी जागीच धरून ठेवायला पुरेसे होते.

आता आपल्याकडच्या गाड्यांची स्थिती पाहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस, वर्षभर खारी हवा, आणि खाणींच्या भागातून येणाऱ्या गाड्यांत तांबडी धूळ. अलीकडेच सावर्ड्याकडच्या एका गाडीचे कुलूप मी टेबलावर उघडले. आत जुने तेल, तांबडी धूळ आणि गंज यांचा घट्ट लगदा झाला होता, किल्लीच्या खाचांना चिकटून तो बाहेर येत होता, आणि मधल्या दोन पट्ट्या टोकदार सुईने दाबल्यावर आतच राहत होत्या, स्प्रिंग त्यांना परत ढकलू शकत नव्हती. मालकाला याचा पत्ताच नव्हता, कारण ते नेहमी रिमोटनेच दार उघडीत. असे कुलूप गोव्यातच अर्धे मेलेले असते. काझाला पोचल्यावर दोष मात्र बर्फाला दिला जातो.

म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी रिमोट बाजूला ठेवून किल्लीने दार उघडून पाहा. किल्ली अडखळत असेल तर कुलूप आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, हवेच्या दाबाने पूर्ण कोरडे करून, मग त्यात चिमूटभर ग्राफाइटची भुकटी फुंकून घ्यावी. ग्राफाइट कोरडे असते, थंडीत थिजत नाही आणि धूळही धरून ठेवत नाही. मात्र तेल आणि ग्राफाइट एकत्र कधीही घालू नका, त्यांचा काळा चिखल होतो आणि मग नळकांडेच बदलावे लागते.

डिचोलीची_लेक (एडमंटन, कॅनडा):

माहेर डिचोली, आणि लग्नानंतर अनेक वर्षे एडमंटनमध्ये राहते. येथे उणे २५ अंश ही जानेवारीतली नेहमीची गोष्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सलग कडाक्याच्या थंडीत कुलपे फारशी गोठत नाहीत, कारण ती हवा कोरडी असते. त्रास होतो तो पारा शून्याच्या वरखाली होतो तेव्हा. दुपारी उन्हाने टपावरचा बर्फ वितळतो, पाणी दाराच्या कडांतून आणि किल्लीच्या भोकातून आत उतरते, आणि सूर्य मावळताच तेथेच गोठते. गाडी धुऊन आणल्यानंतरच्या रात्रीही हमखास असेच होते. तुमच्या वाटेवर काझापेक्षा शिमला, नारकंडा, रिकाँग पिओ या टप्प्यांत हा खेळ अधिक होण्याची शक्यता आहे, म्हणून काझाच्या काळजीत अलीकडच्या मुक्कामांकडे दुर्लक्ष करू नका. वाटेत चिखल उडाला म्हणून संध्याकाळी गाडी धुवायला देण्याचा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट, 'कुलूप गोठले' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा कुलूप सुटलेले असते आणि गोठलेले असते ते दाराभोवतीचे रबर. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो गोठून दार चिकटते. अशा वेळी हँडल जोराने ओढू नये, कारण हल्लीची प्लास्टिकची हँडले थंडीत ठिसूळ होतात आणि हातात येतात. उलट दारावर खांदा किंवा कंबर टेकवून ते आतल्या बाजूला दाबावे, कडांवर सगळीकडे तळहाताने थोपटावे. त्या दाबाने बर्फाचा थर तडकतो आणि दार सहज सुटते. निघण्यापूर्वी चारही दारांच्या आणि डिकीच्या रबरांना सिलिकॉनचा हात द्यावा. पेट्रोलियम जेली किंवा साधे तेल काही रबरांना कालांतराने फुगवते, म्हणून येथे सारे सिलिकॉनच वापरतात.

तिसरी गोष्ट, येथे कुलपासाठी अल्कोहोलची छोटी कुपी मिळते. तिचे बारीक नळीसारखे टोक किल्लीच्या भोकात घालून दोन थेंब सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि मग किल्ली हळूच फिरवायची. ही कुपी कोटाच्या खिशात ठेवावी. गाडीच्या कप्प्यात ठेवलेल्या कुपीचा, गाडीच उघडत नसताना, काहीही उपयोग नाही.

उत्तरायण (पर्वरी):

ताईंनी छान लिहिले आहे, पण मला एक वेगळा अनुभव नोंदवावासा वाटतो. आम्ही डिसेंबरअखेर मनालीला होतो, सकाळी गाडीचे दार चिकटले होते, मुक्कामाच्या ठिकाणच्या मुलाने किटलीभर गरम पाणी ओतले आणि दार लगेच उघडले. गरम पाण्याला सगळे का घाबरतात, ते मला कळलेले नाही.

सुभेदार_निवृत्त (सत्तरी):

उत्तरायण साहेब, तुमचा अनुभव खरा आहे, परंतु तो मनालीचा आहे. मनाली सुमारे दोन हजार मीटरांवर आहे. तेथे सकाळी ऊन आले की पारा शून्याच्या वर जातो आणि ओतलेले पाणी वाहून जाते. मी लेहच्या बाजूला नोकरी केली आहे. उणे २० अंशांत ओतलेले पाणी दारावरून खाली उतरेपर्यंत थंड होते, कडांत शिरते आणि आधीपेक्षा जाड थर धरते. काचेला आधीच बारीकशी चीर असेल तर ती क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. दार पहिल्यांदा उघडेलही, पण ते पाणी कुलपाच्या आत आणि खिडकीच्या खाचेत राहील आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट त्रास देईल.

गरम पाणी वापरायचेच असेल तर ते शेकायच्या रबरी पिशवीत भरा आणि पिशवी कुलपावर किंवा हँडलवर पाच-दहा मिनिटे दाबून धरा. उष्णता मिळते, पाणी मात्र बाहेर राहते. घरात आई आहेत म्हणजे अशी पिशवी आपल्याकडे असणारच, ती सोबत घ्या.

आणखी तीन सूचना करतो. किल्लीच्या भोकात तोंडाने वाफ सोडू नये. श्वासातली वाफ तेथेच गोठते, आणि ओठ धातूला लागले तर कातडी सोलून निघते. उघड्या ओल्या हाताने धातू धरू नये, हातमोजे घालावेत. आणि मुक्कामाला पोचल्यावर गाडी अशी उभी करावी की चालकाच्या दारावर सकाळचे पहिले ऊन पडेल. डोंगराच्या सावलीतली गाडी दहा वाजेपर्यंत गोठलेलीच राहते.

उत्तरायण (पर्वरी):

सुभेदार साहेब, पिशवीची युक्ती पटली. मात्र मनालीपुरते माझे मत मी कायम ठेवतो. जेथे दिवसा ऊन पडते तेथे ओतल्यानंतर दाराच्या कडा फडक्याने पुसून घेतल्या तर काही बिघडत नाही.

केपेकर:

मला एक प्रश्न खरोखर विचारायचा आहे. अल्कोहोलने कुलूप सुटते असे ताई म्हणतात. आमच्या घरी काजूची फेणी आहे, तिच्यात अल्कोहोल भरपूर असते आणि ती आपल्या फ्रीझरमध्येही गोठत नाही. मग वेगळी कुपी शोधण्याऐवजी तीच छोट्या बाटलीत भरून नेली तर?

रसायन_शिक्षिका (मडगाव):

प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देते. शुद्ध इथाइल अल्कोहोल उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही आणि आयसोप्रोपिल उणे ८९ अंशांपर्यंत. फेणीत अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४२ ते ४५ टक्के असते, बाकी बहुतेक पाणीच. असे मिश्रण उणे २५ अंशांच्या पुढेमागे गोठू लागते, म्हणजे घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांत ते पातळच राहते. त्यामुळे फेणी कुलपात टाकल्यावर आतला बर्फ सुटेल, यात शंका नाही.

अडचण त्यानंतरची आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडून जाते. कुलपात मागे राहते ते फेणीतले पाणी आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी, आणि संध्याकाळी तुम्ही सकाळपेक्षा अधिक पाणी घेऊन थंडीला सामोरे जाता. उर्राक तर फेणीहून पुष्कळच सौम्य असल्याने तिचा विचारही करू नये. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइल दुरुस्तीच्या साहित्याच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ९९ टक्क्यांचे मिळाले तर उत्तम, नाहीतर ७० टक्क्यांचे चालेल, मात्र त्यानंतर कुलूप कोरडे करण्याची काळजी अधिक घ्यावी लागेल. ते बारीक नळीच्या बाटलीत भरून घ्या. हात निर्जंतुक करायचा पातळ द्रव अडल्यावेळी किल्लीला लावून चालतो. जेलीसारखा घट्ट प्रकार मात्र टाळा, कारण तो आत चिकट थर सोडतो.

येथेच एक गंभीर सूचना करते. काही लोक किल्ली लायटरवर तापवून कुलपात घालतात. अल्कोहोल टाकलेल्या कुलपाजवळ ज्योत नेली तर पेट घेतो आणि अल्कोहोलची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. दोहोंपैकी एकच उपाय करावा, आणि मुले जवळ असताना ज्योतीचा उपाय करूच नये.

म्हापशेकर_गॅरेज:

बाईंच्या सूचनेला पुस्ती जोडतो. आजकालच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चोरीप्रतिबंधक चिप असते. लायटरची आच तिच्यापर्यंत पोचली तर दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही, आणि काझात ती किल्ली दुरुस्त करून देणारे कोणी मिळणार नाही. किल्ली तापवायचीच असेल तर चहाच्या गरम पेल्याला बाहेरून फक्त तिचे पाते टेकवा, पुसून कोरडे करा आणि मग आत घाला. दोनतीनदा केले की पुरते. फिरवताना जोर करू नका. थंडीत अडलेल्या कुलपात किल्लीचे पाते मोडले तर आधी ते बाहेर काढावे लागते, आणि ते काम तेथे रस्त्यावर होण्यासारखे नसते.

वास्कोकर:

साहेब, ग्राफाइटवर एवढा भर कशासाठी? आम्ही बंदरावर वर्षानुवर्षे डब्ल्यूडी-४० फवारतो. तो पाणी बाहेर ढकलण्यासाठीच १९५३ साली तयार झाला आणि त्याच्या नावातच ते आहे. खाऱ्या हवेत अडलेली कुलुपे त्याने सुटताना मी रोज पाहतो. स्पितीसाठीही तो का नको?

म्हापशेकर_गॅरेज:

अडलेले कुलूप सोडवण्यासाठी तो चांगला आहे, यात वाद नाही, आणि माझ्या गॅरेजातही तो आहे. माझा आक्षेप एवढाच की तो वंगण म्हणून फार दिवस टिकत नाही, आणि मागे राहणाऱ्या पातळ थरावर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाटेची धूळ बसते. बंदरावर तुम्ही तो दर आठवड्याला पुन्हा फवारता, म्हणून काम चालते. ज्यांना तो वापरायचा आहे त्यांनी वाटेत एकदोनदा पुन्हा फवारावा, मात्र मग ग्राफाइट घालू नये.

वास्कोकर:

हे मान्य. आम्ही वारंवार फवारतो हे खरे आहे. तरी ज्याच्या हाताशी ग्राफाइट नाही त्याने काहीच न करता निघण्यापेक्षा फवारा मारून निघावे, एवढे माझे म्हणणे राहील.

मिरामारवासी:

खोबरेल तेलाचे ऐकून आज सकाळी गाडीचे कुलूप तपासले. किल्ली फिरते, पण बाहेर काढल्यावर तिच्या पात्यावर काळपट चिकट थर दिसला. आम्ही यंदा नाताळानंतर महाबळेश्वरला जाणार आहोत. तेथेही हे तेल थिजेल काय?

म्हापशेकर_गॅरेज:

रात्री नक्की थिजेल. बर्फ होणार नाही, पण किल्ली जड जाईल. निघण्यापूर्वी कुलूप धुऊन घ्या.

अंत्रुजकर (फोंडा):

एवढ्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांना देव बरे करो. सांगितल्याप्रमाणे काल जुन्या गाडीचे कुलूप किल्लीने उघडून पाहिले. चालकाच्या दाराची किल्ली नीट फिरली, डिकीची मात्र अर्ध्यावर अडली, त्यामुळे गाडी या आठवड्यात कामाला देत आहे.

आता नव्या गाडीविषयी विचारतो. तिला बाहेरून किल्लीचे भोकच दिसत नाही. रिमोट खिशात असला की हँडलला हात लावताच दार उघडते. थंडीत रिमोट चालला नाही तर काय करायचे?

डिचोलीची_लेक (एडमंटन, कॅनडा):

भोक बहुधा असतेच, फक्त झाकलेले असते. चालकाच्या हँडलच्या टोकाला एक छोटी टोपी असते, ती काढली की किल्लीचे भोक दिसते, आणि रिमोटच्या आत एक पातळ धातूची किल्ली सरकवून ठेवलेली असते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत दोन्हींची चित्रे असतात. ती टोपी काढण्याचा सराव घरच्या अंगणात, उजेडात, हातमोजे घालून करावा, कारण गोठलेल्या अंधाऱ्या सकाळी ती पहिल्यांदा काढताना तुटते. या भोकात वर्षानुवर्षे किल्ली गेलेली नसते, म्हणून म्हापशेकरांनी सांगितलेली साफसफाई जुन्या गाडीपेक्षा येथे अधिक गरजेची आहे.

रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी थंडीत मंद होते, संपत नाही. रिमोट आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, रात्री तो खिडकीशी किंवा टेबलावर ठेवू नका, आणि एक नवी बॅटरी सोबत न्या. दार उघडल्यावर गाडीने रिमोट ओळखला नाही तर बहुतेक गाड्यांत तो सुरू करण्याच्या बटणाला टेकवून धरला की इंजिन सुरू होते. तुमच्या गाडीत ती जागा कोणती, ते पुस्तिकेत पाहून ठेवा.

मोठी बॅटरी मात्र खरी काळजीची आहे. उणे १८ अंशांच्या आसपास गाडीच्या बॅटरीची ताकद साधारण निम्मी उरते, आणि ती पूर्ण बसली तर मध्यवर्ती कुलूपव्यवस्थाच चालत नाही, रिमोट कितीही चांगला असला तरी. त्या वेळी हीच लपलेली किल्ली कामी येते. बॅटरी जुनी झाली असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या आणि शक्य झाल्यास बदला.

सांगेकर:

विषय निघाला आहे म्हणून विचारतो. माझी गाडी डिझेलची आहे. दार उघडूनही इंजिनच सुरू झाले नाही तर?

सुभेदार_निवृत्त (सत्तरी):

थोडक्यात सांगतो, कारण धागा कुलपांचा आहे. साध्या डिझेलमधले मेण कडक थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. याच कारणाने इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे हिवाळी डिझेल आणले. गोव्यात भरलेले डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. डोंगरात शिरल्यावर तेथील पंपांवर हिवाळी डिझेल मिळते का, ते विचारून तेच भरा.

आता पुन्हा दारांकडे येतो, कारण एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती अधिक धोक्याची आहे. कधीकधी दार उघडते पण पुन्हा लागत नाही. दाराच्या कडेला जो लोखंडी खटका असतो तो गोठून मिटलेल्या स्थितीत राहतो, आणि चौकटीवरच्या कडीला अडकण्याऐवजी तिच्यावर आपटून दार परत येते. माणूस घाबरून दार जोराने आपटू लागतो, त्याने खटका वाकतो, आणि मग गरम झाल्यावरही तो लागत नाही. काही जण दार दोरीने बांधून गाडी हाकतात. घाटाच्या रस्त्यावर, मागे मुले बसलेली असताना, हे कोणीही करू नये.

उपाय सोपा आहे. प्रथम खटक्याकडे नीट पाहा. तो मिटलेला असेल तर बाहेरचे हँडल ओढून धरा आणि बोटाने किंवा पेनाने खटका उघड्या स्थितीत ढकला. हलत नसेल तर त्यावर अल्कोहोलचे थेंब सोडा किंवा गरम पाण्याची पिशवी धरा आणि थांबा. इंजिन सुरू होत असेल तर गाडीचा हीटर पूर्ण सोडून पंधरा मिनिटे बसा. खटका मोकळा झाला की कोरड्या फडक्याने पुसून मगच दार लावा.

हँडब्रेकचीही काळजी घ्या. ओल्या रस्त्यावरून येऊन रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या चाकांचे ब्रेक गोठून चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. उतारावर मात्र हँडब्रेक टाळू नका. तेथे गाडी उभीच करू नये, हे बरे.

केपेकर:

फेणीचा बेत रद्द केला आहे. मिठाचे काय? परदेशात रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवतात ना?

रसायन_शिक्षिका (मडगाव):

मिठाने बर्फ वितळतो हे खरे. मिठाचे संपृक्त पाणी उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकते. परंतु ते कुलपात घालणे म्हणजे आपल्या किनाऱ्यावर वर्षभरात जो गंज चढतो तो एका आठवड्यात चढवणे होय. मीठ गाडीच्या धातूजवळ नेऊ नये.

अंत्रुजकर (फोंडा):

माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, आणि एक न विचारलेले उत्तरही मिळाले, ते म्हणजे दार लागत नसेल तर काय करावे. आता सामानाची यादी अशी झाली आहे: बारीक नळीच्या दोन बाटल्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक माझ्या आणि एक मित्राच्या खिशात, शेकायची रबरी पिशवी, रबरांसाठी सिलिकॉन, कोरडी सुती फडकी, रिमोटच्या बॅटऱ्या, आणि प्रत्येक गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्या गाडीतल्या माणसाकडे. शेवटची गोष्ट माझी स्वतःची आहे. एक किल्ली आत अडकली किंवा मोडली तर दुसरी त्याच गाडीच्या आत असून चालणार नाही, असे मला वाटते.

एक शंका उरली आहे. रात्री किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी लावून ठेवली तर पाणी आत जाणार नाही ना?

डिचोलीची_लेक (एडमंटन, कॅनडा):

लावावी, पण पृष्ठभाग कोरडा असताना, म्हणजे संध्याकाळी पोचताच दार पुसून लगेच. ओल्या पत्र्यावर लावलेली पट्टी आतला ओलावा कोंडून ठेवते. चुंबकाची पातळ पट्टी मिळाली तर ती अधिक बरी, कारण थंडीत चिकटपट्टीचा डिंक सुटतो आणि त्याचे कण भोकात जातात. तुमच्या नव्या गाडीच्या हँडलवर चुंबक धरणार नाही, पण तिला टोपी आहेच.

दुसऱ्या किल्लीविषयीची तुमची सूचना फार चांगली आहे. तिच्यात एवढेच जोडते की रात्री सारे झोपण्यापूर्वी एका माणसाने दोन्ही गाड्यांच्या सगळ्या दारांच्या कडा आतून-बाहेरून फडक्याने पुसाव्यात. मुलांच्या बुटांना लागून आलेला बर्फ उंबऱ्यापाशी वितळतो आणि तेथेच रबर चिकटते. चालकाचे दार उघडत नसेल तर इतर तीन दारे आणि डिकी वापरून पाहण्याचे अनेकांना सुचतच नाही. ज्या बाजूला वारा कमी तेथले दार बहुधा सुटते, आणि एकदा आत शिरून हीटर लावला की बाकीची दारे आपोआप मोकळी होतात.

म्हापशेकर_गॅरेज:

अंत्रुजकर बाब, ग्राफाइटची भुकटी कुलूप-किल्लीवाल्यांकडे किंवा जुन्या हार्डवेअरच्या दुकानात छोट्या नळीत मिळते. मिळाली नाही तर माझ्याकडून घेऊन जा. दोन्ही गाड्या नाताळच्या आठवड्याआधी आणा, त्या आठवड्यात गॅरेज बंद असते. कुलपे धुतल्यानंतर रात्रभर उघडी ठेवून वाळवावी लागतात, म्हणून गाडी संध्याकाळी सोडून दुसऱ्या दिवशी न्यावी लागेल. दोन्ही गाड्यांच्या सगळ्या किल्ल्या, कपाटात ठेवलेल्यासुद्धा, सोबत आणा. न वापरलेली किल्ली कधीकधी झिजलेल्या कुलपात बसत नाही, आणि ते येथेच कळलेले बरे.